आजीचा बल्ब आणि बाजारातला एलईडी

प्रश्न : आमच्या ओसरीत चाळीसचा पिवळा बल्ब होता. आजी म्हणते, वीस वर्षं एकच बल्ब चालला. आता एलईडी लावतो, तो दीड-दोन वर्षांत जातो. पाकिटावर मात्र पंचवीस हजार तास छापलेले असतात. बाजारात एक मुलगा गेलेले बल्ब वीस रुपयांत चालू करून देतो. त्यानं दिलेला एखादा बल्ब वर्षभर जळतो, एखादा आठ दिवसांत परत जातो. हे काम घरी जमेल का? आणि आजीचा बल्ब खरंच जास्त चांगला होता का?
— एक वाचक, कोहिनूर (ता. बसवकल्याण, जि. बीदर)

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे.

आजी खोटं बोलत नाहीत. फक्त त्या बल्बाची एक गोष्ट घरात कुणी मोजली नसेल, ती म्हणजे संध्याकाळचं व्होल्टेज. तार लांबून आलेली, ट्रान्स्फॉर्मर (उमरग्याकडे ज्याला डीपी म्हणतात आणि तुमच्याकडे टीसी) गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्याच तारेवर शेतातल्या मोटारी. शेताचा आणि गावठाणाचा फीडर वेगळा करणारी निरंतर ज्योती योजना कर्नाटकात फार नंतर आली. त्याआधी खेड्यातल्या शेवटच्या घरात २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळणं यात नवल काही नव्हतं. बल्बाची तार लालसर दिसायची आणि पोरं दिव्याच्या अगदी खाली सरकून अभ्यास करायची, ते त्यामुळेच.

आता तारेच्या बल्बाचा हिशोब पाहा. त्याचा उजेड व्होल्टेजबरोबर झपाट्यानं पडतो : २३० चे १८० झाले की उजेड निम्म्याच्याही खाली येतो. पण आयुष्य याच्या कितीतरी पट वेगानं वाढतं. टंगस्टनची तार जितकी तापते तितकी ती वितळायच्या कितीतरी आधीच वाफ होऊन झिजत असते, आणि तापमान थोडं उतरलं तरी ही झीज प्रचंड कमी होते. जाणकार जे ढोबळ सूत्र वापरतात त्यात व्होल्टेजचा तेरावा घात येतो. १८० व्होल्टला त्याचं उत्तर वीसपटीच्याही पुढे जातं. साध्या बल्बाचं आयुष्य हजार तासांचं धरलं तर ते वीस हजार तास झालं. रोज संध्याकाळी तीन तास दिवा लावला, तर अठरा वर्षं. आजींचा आकडा आणि हा आकडा किती जवळ आले, बघा.

हजार तास हा आकडाही काही आकाशातून पडलेला नाही. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन फीबस नावाचा गट केला आणि बल्ब हजार तासांहून जास्त टिकू नये असं ठरवून घेतलं. जास्त टिकणारा बल्ब करणाऱ्या सभासदाला दंड होता. यात कपट होतं हे खरंच. पण जास्त टिकणारा बल्ब वीज खाऊन उजेड कमी देतो हा त्यांचा बचावही पूर्ण खोटा नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावी आगीच्या बंबांच्या ठाण्यात १९०१ पासून एक बल्ब जळतो आहे. लोक त्याचं कौतुक करायला लांबून येतात. आज तो चार वॅटच्या आसपास वीज घेतो आणि उजेड रात्रीच्या झिरोच्या दिव्याएवढा देतो.

म्हणून आजींचा बल्ब चांगला होता का, याचं माझं उत्तर : तो टिकाऊ होता, चांगला नव्हता. १८० व्होल्टवर तो सत्तावीस-अठ्ठावीस वॅट खाऊन जेवढा उजेड देत होता, तेवढा आज दोन वॅटचा एलईडी देतो. त्या उजेडात भाकरी थापता येत होती, तांदूळ निवडता येत नव्हते.

आता एलईडीकडे. इथं लोकांचा एक घट्ट समज आहे की एलईडी थंड असतो. उजेडाबरोबर समोर उष्णता फेकली जात नाही एवढंच त्यात खरं. दिव्याच्या चिपमध्ये तयार झालेली उष्णता मागे जाते, ॲल्युमिनियमच्या पत्र्यात, तिथून बल्बाच्या पांढऱ्या बुडात. तारेचा बल्ब तापण्यासाठीच केलेला होता, त्याची तार अडीच हजार अंशांवर आनंदात असायची. एलईडीची चिप शंभर अंश ओलांडायला लागली की तिचे दिवस भरतात. त्यात आपण होल्डर वर आणि बल्ब खाली असा टांगतो. गरम हवा वर चढते, आणि वर बुडात नेमकं काय बसलेलं असतं? गोल डबीसारखा कपॅसिटर, म्हणजे सबंध बल्बातला सगळ्यात नाजूक भाग. त्याच्यात ओलसर रसायन असतं, आणि दर दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य अर्धं होतं असा साधारण नियम आहे. पाकिटावरचे पंचवीस हजार तास हे बल्ब मोकळ्या, गार हवेत असल्याचे. पत्र्याच्या घरात, वैशाखात, बंद काचेच्या डोममध्ये टांगलेल्या बल्बाला ते तास लागू होत नाहीत.

स्वस्ताईचाही हिशोब आहे. सरकारी खरेदीत २०१४ साली जो बल्ब ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेचं हे मोठं यश, आणि कर्नाटकात होसबेळकु या नावानं तेच बल्ब घरोघर गेले. पण भाव एवढा उतरतो तेव्हा खुल्या बाजारातले काही जण पत्रा पातळ करतात, चिपची संख्या घटवतात आणि उरलेल्या चिपांना जास्त पळवतात. सात वॅट पेलतील एवढ्या चिपांवर नऊ वॅटचा शिक्का बसतो.

आता बल्ब मरतो कसा ते पाहू, म्हणजे तुमच्या बाजारातल्या मुलाची विद्या कळेल. बल्बाचा दुधी टोप काढला की पांढऱ्या पत्र्यावर पिवळ्या चौकोनी टिकल्या दिसतात. चिप खरं तर निळा उजेड देते, वरचा पिवळा लेप त्याचा पांढरा करतो. (निळा एलईडी जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याचसाठी, लाल आणि हिरवे दिवे त्याच्या कितीतरी आधीपासून होते.) या सगळ्या टिकल्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या असतात. अरुंद बोळातल्या गाड्यांसारखं आहे हे : एक अडली की मागच्या-पुढच्या सगळ्या थांबतात. म्हणून पंधरातल्या चौदा चिप धडधाकट असूनही बल्ब पूर्ण अंधारा होतो. मेलेली चिप बहुतेक वेळा डोळ्यांनाच दिसते, पिवळ्या लेपाच्या मध्यावर सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका असतो.

तो मुलगा त्या काळ्या ठिपक्यावर डाख देतो, म्हणजे चिपच्या दोन टोकांना सोल्डरनं जोडून तिला रस्त्यातून बाजूला करतो. करंट पुढे जातो, बल्ब लागतो, वीस रुपये. काम पाच मिनिटांचं आणि खरं सांगायचं तर हुशारीचं आहे. मग काही बल्ब आठ दिवसांत का जातात?

कारण बल्बाच्या आत दोन प्रकारची व्यवस्था असते. एका प्रकारात बुडात वेगळी छोटी सर्किट-पट्टी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली गुंडी दिसते. ती चिपांना लागेल तेवढंच व्होल्टेज तयार करते. एक चिप गेली तर ती थोडं कमी व्होल्टेज देते, फारसं बिघडत नाही. असा बल्ब डाखानंतर वर्षभर सहज चालतो. दुसऱ्या, स्वस्त प्रकारात वेगळी पट्टी नसतेच. टिकल्यांच्याच पत्र्यावर मध्ये एक लहान काळी आयसी असते आणि जादा व्होल्टेज ती स्वतःच्या अंगावर घेऊन उष्णतेत घालवते. नऊ वॅटचा बल्ब आणि पंधरा चिप धरल्या तर एका चिपच्या वाट्याला अर्ध्या वॅटहून थोडं जास्त येतं. चिप बाजूला काढली की तो अर्धा वॅट त्या बिचाऱ्या आयसीवर पडतो. ती आधीच तापलेली असते. दोन चिपांना डाख दिला, तर तिचे आठ दिवससुद्धा जास्त म्हणायचे. शिवाय पहिली चिप ज्या उष्णतेनं मेली ती उष्णता तिथंच आहे, शेजारीण रांगेत उभीच असते.

तेव्हा घरी करायचंच असेल तर डाखापाशी थांबू नका. मेलेल्या चिपच्या जागी तशीच चिप बसवा, आणि मग बल्बाचा करंट थोडा उतरवा. दुसरं काम पहिल्याहून महत्त्वाचं आहे आणि ते बाजारात कुणी करून देत नाही, कारण त्यात उजेड थोडा कमी होतो आणि गिऱ्हाईक कुरकुरतं.

हात लावण्याआधी जीव सांभाळायचं. बल्ब होल्डरमधून काढूनच काम करायचं. बटण बंद केलं म्हणजे लाईट बंद झाली असं धरायचं नाही, त्याचं कारण पुढच्या प्रश्नात येईल. घरच्या २३० व्होल्टचं आतमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत डीसी होतं आणि बल्ब काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही वेळ साठून राहतं. दहा-पंधरा मिनिटं बल्ब बाजूला ठेवा, मग मल्टिमीटर लावून ते उतरल्याची खात्री करा. टोप न लावता बल्ब चालू असताना त्या पत्र्याला बोट लावणं म्हणजे थेट फेजला बोट लावणं, असंच समजा. टोप फुटला म्हणून उघडाच बल्ब गोठ्यात लावलेले मी पाहिले आहेत. ओल्या अंगाचं जनावर आणि लोंबता होल्डर ही जोडी करू नका.

चिप कोणती मेली हे दिसत नसेल तर मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. डायोडच्या खुणेवर तो तीनेक व्होल्ट देतो; बल्बातल्या चिपा सहा, नऊ, अठरा व्होल्टच्याही असतात, त्या पेटणारच नाहीत आणि तुम्ही चांगल्या चिपा मेल्या म्हणून फेकाल. नऊ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या एकापुढे एक जोडा, मध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर घाला आणि दोन टोकं चिपला लावून बघा. तीनपासून पंधरा व्होल्टपर्यंतची चिप उजळेल. अठराची असेल तर तिसरी बॅटरी जोडा.

चिप काढताना पंचवीस वॅटची सोल्डरिंग इस्त्री कमी पडते, कारण ॲल्युमिनियमचा पत्रा सगळी उष्णता ओढून घेतो. इथं कपड्यांची जुनी इस्त्री उलटी करून विटांमध्ये घट्ट बसवा, पत्रा तिच्यावर ठेवा. सोल्डर १८३ ते १९० अंशांना वितळतं आणि इस्त्रीचं बटण पूर्ण फिरवलं की ती तेवढी तापते. सोल्डर चमकायला लागलं की चिमट्यानं मेलेली चिप उचला आणि दुसऱ्या गेलेल्या बल्बातली चांगली चिप तिच्या जागी ठेवा. प्लस-मायनस आधी बघून ठेवा. बल्ब एकाच बनावटीचे असले तर चिपाही जुळतात, म्हणून गेलेले बल्ब कचऱ्यात टाकू नका, एका खोक्यात साठवा.

आता करंट. आयसीच्या शेजारी बारीक काळे रेझिस्टर असतात, त्यांच्यावर तीन आकडे छापलेले. पहिले दोन आकडे वाचायचे आणि तिसऱ्या आकड्याएवढी शून्यं पुढे लावायची : १५० म्हणजे १५ ओहम, ५१४ म्हणजे पाच लाख दहा हजार. मोठ्या किमतीचा रेझिस्टर हा कपॅसिटर रिकामा करण्यासाठी असतो, त्याला हात लावू नका. करंट ठरवणारे लहान किमतीचे असतात आणि पुष्कळदा दोन शेजारी-शेजारी, पॅरलल जोडलेले असतात. समजा एक १५ ओहमचा आहे आणि एक ३० चा. दोघे मिळून १० ओहम होतात. ३० वाला उचलून टाकला की १५ उरतात आणि करंट दोन-तृतीयांशावर येतो. नऊ वॅटचा बल्ब सहा वॅटचा झाला. उजेड मात्र त्या प्रमाणात पडत नाही, कारण गार चिप त्याच विजेत जास्त उजेड देते. दोन्ही उचलले तर बल्ब लागणार नाही. एकच असेल तर त्याच्या जागी दीडपट किमतीचा बसवा.

मग सहा वॅटचा बल्ब का घेऊ नये, असं तुम्ही विचाराल. कारण सहा वॅटच्या बल्बातही चिपा सहाच वॅटपुरत्या असतात आणि त्याही तशाच तापतात. नऊ वॅटच्या चिपांना सहा वॅटवर चालवण्यात मजा आहे. दुबईच्या नगरपालिकेनं फिलिप्सकडून २०१६ मध्ये नेमकं हेच करून घेतलं : जास्त एलईडी, प्रत्येकात कमी करंट. तो बल्ब थंड राहतो आणि टिकतो. आजींच्या बल्बाला हीच सवलत तारेतल्या कमी व्होल्टेजनं फुकट मिळत होती. एलईडीचा चांगला ड्रायव्हर व्होल्टेज उतरलं तरी करंट धरून ठेवतो, म्हणून ती सवलत आता आपल्यालाच हातानं द्यावी लागते.

दुरुस्त बल्ब थेट होल्डरला लावू नका. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये असलेला टेस्टिंग बोर्ड वायरमनकडे असतो, तसा एक बनवून घ्या. एलईडी ठीक असेल तर तो उजळेल आणि पिवळा शांत राहील; आत शॉर्ट असेल तर पिवळाच भगभगेल आणि मेन फ्यूज वाचेल.

हे सगळं करून पैसे वाचतील का? फारसे नाहीत. जुलै २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत दोनशे युनिटांपर्यंतचं बिल माफ आहे, तेही तुमच्या आधीच्या सरासरीवर थोडी भर घालून. तेव्हा विजेची बचत हे कारण नाही. दुकानदाराकडे गॅरंटी शिल्लक असलेला बल्ब तर उघडूच नका, मुकाट्यानं बदलून घ्या. पण एखादी गल्लीच्या गल्ली एका रात्रीत अंधारी झाली, बल्ब गेले, टीव्ही गेले, तर दोष बल्बाचा नाही. ट्रान्स्फॉर्मरचा न्यूट्रल सुटला की काही घरांत २३० च्या जागी चारशेच्या जवळ व्होल्ट जातात. अशा वेळी मेन बंद करून जेस्कॉम या वीज कंपनीच्या लाइनमनला बोलवायचं, सोल्डरिंग इस्त्री गरम करत बसायचं नाही.

प्रश्न : रात्री बटण बंद केल्यावरही आमचा एलईडी बल्ब मंद लुकलुकत राहतो. घरात लहान मुलं घाबरतात. काही भुताटकी नाही ना?
— एक वाचक, उमरगा (जि. धाराशिव)

उत्तर : भूत नाही, वायरिंग करणाऱ्याचा आळस आहे. बटण फेजच्या तारेवर असायला हवं, तुमच्याकडे ते न्यूट्रलवर आहे. बटण बंद असतानाही फेज होल्डरपर्यंत पोचलेला असतो आणि भिंतीतल्या तारांमधून झिरपणाऱ्या नगण्य करंटवर एलईडी उजळतो. जुन्या पिवळ्या बल्बाला एवढ्या करंटनं काहीच होत नव्हतं, म्हणून चूक आजवर लपली. टेस्टर लावून बघा : बटण बंद असताना होल्डरच्या पिनला टेस्टर पेटला तर हेच. लुकलुकण्याचं जाऊ द्या, पण बटण बंद करून बल्ब बदलणाऱ्या माणसाला तिथं शॉक बसू शकतो; म्हणून वायरमनकडून तारा बदलून घ्या. बटणात लाल इंडिकेटर असेल तर मात्र तोच करंट सोडतो. तिथं तारा बरोबर असतात, इंडिकेटर काढला की काम झालं.

प्रश्न : पंखा उन्हाळ्यात हळू फिरतो. नवा घ्यावा का?
— एक वाचक, आळंद (जि. कलबुर्गी)

उत्तर : आधी रात्री अकरानंतर, शेजारपाजारचे कूलर बंद झाल्यावर बघा. तेव्हा नीट फिरत असेल तर पंखा चांगला आहे, व्होल्टेज कमी आहे. पंख्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं पडतो, त्यामुळे १८० ला तो साठ टक्क्यांवर येतो. रात्रीही हळूच असेल आणि हातानं ढकलल्यावर वेग घेत असेल तर कंडेन्सर उतरला आहे. दांड्याच्या वरच्या वाटीत असतो, त्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं सापडेल. तेवढ्याच किमतीचा नवा आणा. जास्त किमतीचा लावला तर पंखा जोरात फिरेल म्हणून दुकानदार ३.१५ चा हातात ठेवील. तो घेऊ नका, वाइंडिंग तापतं. कंडेन्सर बदलूनही फरक पडला नाही तर बेअरिंग घट्ट झालं आहे. मेन बंद करून पातं हातानं फिरवून बघा, चांगला पंखा सोडल्यावर चार-पाच फेरे आपसूक घेतो.